बोर्डवर कोण बसले आहे?

सरकारी कचेरीत सर्वात मोठा माणूस कोण, असे विचारले तर आपले लोक पटकन सांगतील, कलेक्टर साहेब, एस. पी. साहेब, नाहीतर जिल्हा परिषदेचे सीईओ. पण गावातून, वस्तीतून, अंगावर संकट आले असताना ज्याने कधी या कचेऱ्यांना फोन लावला आहे त्याला विचारा. तो सांगेल, साहेब नंतर, आधी बोर्डवर बसलेला माणूस. त्याने लाईन दिली तर साहेब आहेत. त्याने "साहेब मीटिंगमध्ये आहेत" म्हणून फोन ठेवून दिला तर साहेब नाहीत, कायदा नाही, आणि ज्या संविधानाच्या नावाने ती कचेरी चालते ते संविधानही त्या घटकेपुरते नाही.

विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या शाळेतील पाण्याची आठवण लिहून ठेवली आहे. नळ समोर असे, पाणीही असे. परंतु नळाला हात लावण्याची परवानगी त्यांना नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळायचे आणि शिपाई हजर नसला की दिवसभर तहानलेले राहावे लागायचे. आमच्या मते या देशातील सरकारी यंत्रणेचे याहून नेमके वर्णन दुसरे नाही. नळ संविधानाने दिला, पाणी कायद्याने भरले, पण तोटीवर हात कोणाचा, हा प्रश्न शिल्लक राहिला तो राहिलाच. पूर्वी तोटीवर शिपाई होता. आज तोटीच्या जागी टेलिफोनचा बोर्ड आहे.

हा बोर्ड म्हणजे काय, हे आपल्या चळवळीतील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे, म्हणून आज थोडे यंत्राविषयी लिहितो. आमचे काही मित्र म्हणतील, वकीलसाहेब, अत्याचारावर लिहायचे सोडून हे इंटरकॉमचे काय काढले? त्यांना विनंती एवढीच की शेवटपर्यंत वाचावे.

बाहेरून कचेरीत येणाऱ्या लाईनी चार-दोन किंवा दहा-वीस असतात आणि आतमध्ये टेबले शंभर असतात. प्रत्येक टेबलाला स्वतंत्र बाहेरची लाईन देणे परवडत नाही. म्हणून मध्ये एक यंत्र बसवतात, त्याला ईपीएबीएक्स म्हणतात. आतल्या प्रत्येक टेबलाला दोन, तीन किंवा चार आकडी नंबर मिळतो, तो एक्स्टेन्शन. या यंत्राचा कारभार चालवण्यासाठी ऑपरेटरसमोर एक मोठा फोन ठेवलेला असतो. त्याला बटणांच्या रांगाच रांगा आणि प्रत्येक बटणाशेजारी एक बारीक दिवा. यालाच कन्सोल म्हणतात. आपल्याकडे त्याला सरळ "बोर्ड" म्हणतात, आम्हीही तेच म्हणू.

बाहेरचा फोन आला की एका लाईनीचा दिवा लुकलुकतो. ऑपरेटर बटण दाबून फोन घेतो. कोण, कुठून, कशासाठी हे विचारतो. मग ज्या टेबलाकडे द्यायचा त्याचे बटण दाबतो. बाहेरचा माणूस तोवर होल्डवर असतो, त्याला गाण्याची धून ऐकू येते आणि आत काय बोलणे चालले आहे ते कळत नाही. इथेच खरी गोम आहे. पलीकडच्या टेबलावरून फोन उचलला गेला की ऑपरेटर आधी विचारतो, "साहेब, अमुक गावचा अमुक बोलतोय, देऊ का?" तिकडून जे उत्तर येईल त्याप्रमाणे एक तर बटण सोडून दोघांना जोडून देतो, नाहीतर परत होल्डवरच्या माणसाकडे येऊन सांगतो, साहेब जागेवर नाहीत. होल्डवरच्या माणसाला ते खरे की खोटे हे कळण्याचा कोणताही मार्ग नाही. बोर्डवर मात्र सगळे दिसते. ज्या टेबलाचा फोन चालू आहे त्याचा दिवा जळत असतो, रिकामा आहे त्याचा विझलेला असतो.

ऑपरेटरने न बोलता सरळ एखाद्या टेबलाकडे फोन ढकलून दिला आणि तिकडे कोणी उचललाच नाही, तर ठरवून दिलेल्या वेळेनंतर, साधारणतः अर्ध्या-एक मिनिटाने, तो फोन परत बोर्डवर येतो. यंत्र म्हणजे ऑपरेटरला आठवण करते की हा माणूस अजून लटकलेला आहे, याचे काहीतरी करा. यंत्र बनवणाऱ्याला फोन करणाऱ्याची एवढी काळजी! आपल्या प्रशासनात अर्ज टेबलावरून टेबलावर जातो आणि परत येऊन कोणालाही आठवण करत नाही, हे पाहता यंत्र जास्त माणुसकीचे म्हणावे लागेल.

आणखी एक गंमत सांगतो. या यंत्रात प्रत्येक एक्स्टेन्शनला एक वर्ग लावून द्यावा लागतो. कोणाला फक्त कचेरीतल्या कचेरीत बोलता यावे, कोणाला गावात, कोणाला जिल्ह्याबाहेर, कोणाला कुठेही. वरच्या वर्गाला खालच्याच्या चालू बोलण्यात मध्येच घुसता येते, खालच्याला वरच्याच्या बोलण्यात नाही. साहेबांचा फोन आधी पीएच्या टेबलावर वाजावा अशी सोय वेगळीच. साहेबांनी "त्रास नको" असे बटण दाबून ठेवले की त्यांच्या टेबलावर घंटाच वाजत नाही. मनूच्या चातुर्वर्ण्याची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे. फरक एवढाच की मनूची व्यवस्था जन्माने कपाळावर लिहिलेली असते आणि बोर्डवरची व्यवस्था माहीतगार माणूस पाच मिनिटांत बदलू शकतो. शिपायाच्या खुर्चीजवळच्या फोनला कलेक्टरचे सर्व अधिकार देणे यंत्राला अवघड नाही. माणसांनाच ते अवघड जाते.

बोर्डवर बसलेला माणूस तटस्थ नसतो, हे जगाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ओळखले. अमेरिकेतील कॅन्सास सिटी येथे आल्मन स्ट्रोजर नावाचा एक गृहस्थ अंत्यविधीचे सामान व व्यवस्था पुरवण्याचा धंदा करायचा. त्याची गिऱ्हाइके कमी होऊ लागली. असे सांगतात की गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमधील ऑपरेटर बाई ही त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको होती आणि मयत झालेल्या घरून फोन आला की ती लाईन आपल्या नवऱ्याकडे जोडून द्यायची. स्ट्रोजरने रागाच्या भरात मधला माणूसच काढून टाकण्याचा ध्यास घेतला आणि आपोआप लाईन जोडणारे यंत्र शोधून काढले. त्याला १८९१ साली पेटंट मिळाले. गोष्टीत तिखटमीठ किती ते सोडून द्या. मुद्दा पक्का आहे. लाईन ज्याच्या हातात, त्याचे नातेगोते लाईनीत उतरते. तिथे नवरा-बायकोचे नाते होते. आपल्याकडे जात आहे.

गावाचे नाव विचारले, मग आडनाव विचारले, मग "कोणत्या गल्लीत राहता" विचारले की समोरच्याला जे कळायचे ते कळते. फोनवर चेहरा दिसत नाही म्हणून फोनवर जात नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा आष्टी-पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यातील एखाद्या आपल्या म्हातारीला कचेरीत फोन लावायला सांगावे आणि शेजारी बसून ऐकावे. तिची बोली ऐकली की पलीकडचा आवाज बदलतो. "तुम्ही" चे "तू" व्हायला तीन वाक्ये लागत नाहीत. आम्ही हे स्वतः एका तालुक्याच्या कचेरीच्या बाबतीत अनुभवले आहे. एका वस्तीचा पाण्याचा रस्ता अडवला गेला होता. वस्तीतील माणसाने सकाळपासून चार वेळा फोन केला, चारही वेळा साहेब दौऱ्यावर. त्यानंतर दहा मिनिटांत आम्ही "अॅडव्होकेट बोलतोय" म्हणून फोन केला, तर साहेब जागेवर. साहेबांचा दौरा इतक्या लवकर संपला याचा आम्हाला आनंदच वाटला!

आता कायद्याकडे वळू, कारण या सगळ्याला कायद्याची धार आहे आणि ती आपल्या लोकांना ठाऊक नाही.

अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याखालील नियम १९९५ चे. या नियमांतील सहावा नियम प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ केला पाहिजे. जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी, अन्य कार्यकारी दंडाधिकारी किंवा डीवायएसपीच्या दर्जाहून खालचा नसलेला पोलीस अधिकारी, यांपैकी कोणालाही कोणत्याही व्यक्तीकडून अत्याचाराची माहिती मिळाली तर त्याने स्वतः ताबडतोब घटनास्थळी गेले पाहिजे, नुकसानीचा अंदाज घेतला पाहिजे आणि शासनाला अहवाल पाठवला पाहिजे. शब्द नीट पाहा. "कोणत्याही व्यक्तीकडून." फिर्यादीच पाहिजे असे नाही. लेखी अर्जच पाहिजे असेही नाही. माहिती मिळाली पाहिजे, एवढेच.

आणि साहेबांना माहिती केव्हा मिळाली? इथे बोर्ड येतो. वस्तीतून रात्री नऊ वाजता फोन गेला, ऑपरेटरने घेतला, "सांगतो" म्हणाला आणि सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब म्हणतात, मला आत्ताच समजले. रात्री नऊ ते दुपारी बारा हे पंधरा तास कोणाच्या खात्यावर मांडायचे? याच पंधरा तासांत घरे जळतात, पुरावा जळतो, साक्षीदार फुटतो. ज्यांनी २९ सप्टेंबर २००६ च्या खैरलांजीचा अभ्यास केला आहे त्यांना पोलीस यंत्रणेचे न हलणे म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. तेथे हलगर्जीपणाबद्दल पोलिसांवर निलंबनाची कारवाई झाली, पण ती भोतमांगे कुटुंबातील चार जीव गेल्यानंतर.

अत्याचार कायद्याचे कलम ४ कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कैदेची शिक्षा सांगते. २६ जानेवारी २०१६ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने ही कर्तव्ये कोणती ते एकेक करून लिहून दिले. तोंडी दिलेली माहिती लिहून घेणे, ती वाचून दाखवणे, गुन्हा नोंदवणे, त्याची प्रत देणे, ही सर्व त्यात आहेत. मात्र प्रशासकीय चौकशीची शिफारस असल्याशिवाय हे कलम लागत नाही, आणि ते अनुसूचित जाती-जमातीबाहेरील लोकसेवकालाच लागते, हेही लक्षात असू द्यावे. एजन्सीमार्फत लावलेला ऑपरेटर लोकसेवक ठरतो की नाही, यावर कोर्टात वाद घालता येईल. त्याने निरोप दिला आणि साहेब हलले नाहीत, हे सिद्ध झाले तर मात्र साहेब लोकसेवक आहेत याबद्दल वाद नाही.

फोनवर दिलेली माहिती म्हणजे फिर्याद होते का, हा जुना प्रश्न आहे. तपिंदर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९७० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की निनावी, त्रोटक टेलिफोन संदेशाला एफआयआर म्हणता येणार नाही. पोलीस ठाण्यात हा निकाल फार लाडका आहे. पण त्यातील "निनावी" आणि "त्रोटक" हे दोन शब्द ठाण्यात कोणी वाचत नाही. पुढे १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी प्रकरणात घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणे बंधनकारक केले आणि अशी प्रत्येक माहिती ठाण्याच्या डायरीत उतरली पाहिजे असे बजावले. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने तर इलेक्ट्रॉनिक संवादाद्वारे माहिती देण्याची वाट उघडली. इलेक्ट्रॉनिक संवाद म्हणजे काय याची व्याख्या त्याच संहितेत आहे आणि त्यात टेलिफोन व मोबाईल यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अट एवढीच की माहिती देणाऱ्याने तीन दिवसांत त्यावर सही केली पाहिजे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो.

हा शेवटचा भाग आपल्या जिल्ह्याला फार महत्त्वाचा आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून कोयता निघतो. धारूर, वडवणी, केज, शिरूर, पाटोदा, सगळीकडून ट्रॅक्टर भरून माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तिथे फडावर एखाद्या मातंग-बौद्ध कुटुंबावर अत्याचार झाला तर त्यांनी कोणते ठाणे शोधायचे? मुकादम मोबाईल काढून घेतो, तेथील ठाण्याला यांची भाषा परकी, यांना तेथील रस्ता परका. अशा वेळी गावाकडच्या भावाने बीडच्या ठाण्यात दिलेली माहितीसुद्धा शून्य क्रमांकाने नोंदवून तिकडे पाठवता येते. हे आपल्या ऊसतोड बांधवांना फडावर निघण्यापूर्वी सांगितले पाहिजे, तिकडून मयत घेऊन परत आल्यावर सांगून उपयोग नाही.

आता काही जण म्हणतील, आता ११२ आहे, अत्याचारासाठी १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाईन डिसेंबर २०२१ पासून आहे, मग कचेरीच्या बोर्डचे काय घेऊन बसलात? हे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावेत, लहान पोरांनाही पाठ करून घ्यावेत, याबद्दल दुमत नाही. परंतु ११२ चा फोन राज्यस्तरावरच्या केंद्रात उचलला जातो आणि तेथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे व गाडीकडे जातो. म्हणजे बोर्ड नाहीसा झाला नाही, तो लांब गेला. लांबच्या बोर्डचा एक फायदा नक्कीच आहे. तेथील ऑपरेटरचा सासरा आपल्या गावचा पाटील असण्याची शक्यता कमी. फोनची नोंद आपोआप होते, वेळ उमटते. तोटा असा की "कुक्कडगाव कुठे आले" येथपासून सुरुवात करावी लागते. म्हणून फोन करणाऱ्याने आधी तालुका, मग ठाणे, मग गाव, मग वस्तीची खूण असे सांगावे. आपली माणसे घाबरून आधी मारणाऱ्याचे नाव सांगतात आणि गावाचे नाव राहूनच जाते.

नोंदीचा विषय निघाला म्हणून सांगतो. कचेरीच्या यंत्रातही नोंद होऊ शकते. कोणत्या लाईनीवर किती वाजता फोन आला, किती वेळ चालला, कोणत्या एक्स्टेन्शनला गेला, हे सर्व लिहून ठेवण्याची सोय अशा यंत्रांत असते. मात्र ती चालू ठेवली पाहिजे, आणि जागा भरली की जुनी नोंद पुसून नवी वर बसते. माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये "अभिलेख" या शब्दात संगणकाने किंवा अन्य उपकरणाने तयार केलेली सामग्रीही येते. तेव्हा अमुक तारखेला अमुक वेळी माझ्या नंबरवरून आलेल्या फोनची नोंद द्या, असा अर्ज करता येतो. जीविताचा व स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर माहिती ४८ तासांत द्यावी लागते. इतरांचे नंबर मागू नयेत, ते मिळणारही नाहीत आणि मागणे बरोबरही नाही. आपल्या नंबरपुरते मागावे. त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक कचेरीने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. ती कुठे लावली आहे, हे प्रत्येक तालुक्यात जाऊन पाहण्यासारखे आहे.

मोबाईल कंपन्यांना कॉलच्या नोंदी डिसेंबर २०२१ पासून किमान दोन वर्षे जपून ठेवाव्या लागतात. त्यापूर्वी ही मुदत एक वर्ष होती. आपले खटले किती वर्षे चालतात हे वाचकांना सांगायला नको. म्हणून त्या नोंदी तपासात वेळेवर मागवल्या गेल्या की नाही, यावर फिर्यादीच्या वकिलाने पहिल्या महिन्यातच लक्ष ठेवावे. आणि नुसत्या मागवून भागत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. हा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी पक्का केला तो आपल्या शेजारच्या जालन्याच्या निवडणूक प्रकरणात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. निवडणूक अर्ज किती वाजता भरला एवढ्यावरून आमदारकी डावाला लागली आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातील चित्रीकरणाची सीडी पुरावा म्हणून चालते की नाही यावर दिल्लीपर्यंत वाद गेला. आमदारांसाठी मिनिटांचा हिशोब दिल्लीत होतो. वस्तीतील माणसाच्या फोनचा हिशोब निदान बीडमध्ये तरी व्हावा, एवढीच मागणी. जुन्या पुरावा कायद्यातील ६५-ब ची जागा आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतली आहे, प्रमाणपत्राची अट कायम आहे.

या बोर्डची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय विषय पुरा होणार नाही. ती बाजू बोर्डवर बसणाऱ्यांची.

या देशातील अंध बांधवांना सन्मानाची नोकरी मिळवून देणारी जी मोजकी पदे होती त्यात टेलिफोन ऑपरेटर हे पद अग्रक्रमाने येते. मुंबईत १९५२ साली स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडसारख्या संस्थांनी त्यांना या कामाचे शिक्षण दिले आणि बँका, रेल्वे, सरकारी कचेऱ्या येथे कितीतरी अंध ऑपरेटर बोर्डवर बसले. दिवा लुकलुकतो ते ज्याला दिसत नाही त्याने कोणती लाईन वाजते हे ओळखायचे कसे? त्यासाठी एक छोटी कांडी असायची. ती दिव्यावर धरली की उजेडाचा आवाज व्हायचा. बोटाने बटणांची रांग मोजायची, पाचाच्या बटणावरचा उंचवटा चाचपायचा, बाकीचे सगळे कानाने आणि स्मरणाने. शेकडो एक्स्टेन्शन पाठ. आवाजावरून माणूस ओळखणारे असे एक निवृत्त ऑपरेटर आमच्या परिचयाचे आहेत. ते म्हणतात, "वकीलसाहेब, मला कोणाचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून मी सगळ्यांना सारखीच लाईन दिली." त्यांचे हे म्हणणे तंतोतंत खरे मानण्याची गरज नाही, कारण कानालाही आडनाव ऐकू येते. पण त्यांच्या कचेरीत वस्तीतला माणूस फोन करायला घाबरत नव्हता, हे आम्हाला त्या वस्तीतील लोकांनी सांगितले आहे.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने तीन टक्के आणि २०१६ च्या कायद्याने चार टक्के पदे राखून ठेवली. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडच्या प्रकरणात ही टक्केवारी कशी मोजायची तेही सांगितले. राज्याच्या सेवेत अनुसूचित जातींना १३ टक्के, जमातींना ७ टक्के. कागद भक्कम आहेत. परंतु ज्या पदावर हे आरक्षण लावायचे ते पदच उरले नाही तर? "अमुकसाठी एक दाबा, तमुकसाठी दोन दाबा" असे बोलणारे यंत्र आले, पद गोठवले. जिथे माणूस लागतोच तिथे एजन्सीचा माणूस आला. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने तर नऊ खाजगी एजन्सींमार्फत शासकीय कामासाठी मनुष्यबळ घेण्याचा राजरस्ता तयार केला होता. राज्यभर तरुण रस्त्यावर आले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो निर्णय रद्द करण्याची घोषणा सरकारला करावी लागली. एजन्सीकडून घेण्याची सवय मात्र एका घोषणेने गेलेली नाही, हे कोणत्याही कचेरीत जाऊन पाहता येते.

म्हणून बोर्डवर बसलेल्या त्या पोराशी किंवा पोरीशी भांडताना आपल्या कार्यकर्त्यांनी भान ठेवावे. तुटपुंज्या पगारावर, अकरा महिन्यांच्या करारावर बसलेली ती मुलगी पुष्कळदा आपल्याच घरची असते. "लाईन देऊ नको" हा हुकूम तिचा नसतो. तो आतून आलेला असतो आणि तो मोडला तर उद्या तिची खुर्ची जाते. तिला शिवी देऊन साहेबाला काहीच होत नाही. तिला तिचे नाव आणि वेळ शांतपणे विचारावी, आपण ती लिहून घेत आहोत हे सांगावे. कित्येकदा तेवढ्यानेच लाईन मिळते, कारण मग तिलाही आत सांगता येते की बाई, माणूस लिहून घेतो आहे!

दरम्यान, राज्य सरकारला फोनविषयी एकदा काळजी वाटली होती, याचा उल्लेख न करणे अन्याय होईल. १ ऑक्टोबर २०२२ च्या शासन निर्णयाने शासकीय कर्मचाऱ्यांनी फोन उचलल्यावर "हॅलो" ऐवजी "वंदे मातरम्" म्हणावे असे सांगितले गेले. त्यावर बराच वाद झाला. आम्ही त्या वादात पडत नाही. आम्ही एकमेकांना जयभीम म्हणतो, आमच्या घरात मूल फोन उचलले की जयभीमच म्हणते, त्यासाठी कोणाच्या शासन निर्णयाची गरज पडली नाही. आमचा प्रश्न पहिल्या शब्दाबद्दल नाहीच. दुसरा शब्द काय, तिसरा काय, आणि नंतर लाईन कोणाकडे गेली? त्यावर शासन निर्णय केव्हा?

गेल्या उन्हाळ्यात आम्ही काही कार्यकर्त्यांनी बसून आपल्या तरुणांसाठी एक साधी पद्धत ठरवली. प्रत्येक विहारात एक वही. फोन केला की तारीख, वेळ, कोणत्या नंबरवर केला, कोणी उचलला, काय म्हणाला, किती वेळ होल्डवर ठेवले, एवढे सहा रकाने. मजकूर फोन करण्यापूर्वी दोन ओळींत लिहून घ्यायचा आणि तो वाचूनच बोलायचे: गुन्हा घडला आहे किंवा घडतो आहे, ठिकाण, माझे पूर्ण नाव, माझा नंबर. म्हणजे निनावीही नाही आणि त्रोटकही नाही. फोन झाल्याबरोबर तोच मजकूर ईमेलने किंवा व्हॉट्सअॅपने पाठवायचा, आणि तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करायची. ठाण्याने नकार दिला तर नियम ५ प्रमाणे एस. पीं.ना लेखी व टपालाने. अॅड. एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानाने गायरानाच्या लढ्यात कागदाचे महत्त्व या जिल्ह्यातील वस्त्या-वस्त्यांना शिकवले, तेव्हा वही ठेवणे आपल्या लोकांना नवीन नाही. ज्या तरुणांना हे अवघड वाटले त्यांना आम्ही विहारात दोन मोबाईल घेऊन समोरासमोर बसवले, एकाला ऑपरेटर केले, एकाला वस्तीतला माणूस. ऑपरेटर झालेला पोरगा पहिल्याच फोनला म्हणाला, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." कोणी शिकवले नव्हते!

आता या महिन्यात आम्ही जिल्ह्यातील अकराही तालुक्यांच्या तहसील कचेऱ्यांकडे माहिती अधिकारात अर्ज टाकत आहोत. प्रश्न थोडकेच आहेत. आपल्या कचेरीत टेलिफोन ऑपरेटरचे मंजूर पद आहे काय, असल्यास ते केव्हापासून रिक्त आहे आणि कोणत्या प्रवर्गाचे आहे? सध्या बोर्डवर कोण बसते, शासनाचा माणूस की एजन्सीचा? येणाऱ्या फोनची नोंद यंत्रात ठेवली जाते काय आणि किती दिवसांची? आणि शेवटचा प्रश्न असा. संध्याकाळी कचेरी सुटली की ऑपरेटर एक बटण दाबून घरी जातो. त्याला रात्रसेवा म्हणतात. त्यानंतर बाहेरून येणारा प्रत्येक फोन एकाच ठरवून दिलेल्या एक्स्टेन्शनला वाजतो. आपल्या कचेरीत रात्री तो फोन कोणत्या टेबलावर वाजतो, आणि त्या टेबलाजवळ कोण झोपलेले असते?